आणीबाणीच्या काळातील लहान नियतकालिके : पुण्यात राहून संग्रह कसा करावा

आणीबाणीच्या काळातील मराठी अनियतकालिके (ठरावीक मुदतीचे बंधन न मानता, बहुधा मित्रांनी मिळून काढलेले वाङ्मयीन अंक) आणि स्वतंत्र बाण्याची लहान नियतकालिके जमवायची असतील, तर प्रथम संग्रहाची काळमर्यादा ठरवावी, आणि ती आणीबाणीपेक्षा मोठी ठरवावी. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७ रोजी ती उठली. एवढ्याच एकवीस महिन्यांचे अंक गोळा करू असे ठरवणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते, कारण मराठी अनियतकालिकांची मोठी भरती त्याआधीच येऊन गेली होती. १९५४-५५ च्या सुमारास ‘शब्द’ने सुरुवात केली. साठच्या दशकात ‘असो’, ‘अथर्व’, ‘वाचा’, ‘येरू’ अशी नावे एकामागून एक आली, आणि १९६९ साली ‘सत्यकथा’ या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळण्यापर्यंत या मंडळींचा राग पोहोचला. आणीबाणीत काय गप्प झाले हे कळण्यासाठी आधी कोण बोलत होते हे माहीत असावे लागते. म्हणून १९६९ ते १९८० हा सोयीचा पट्टा धरावा, आणि त्याच्या मध्यभागी ते एकवीस महिने ठेवावेत असे माझे मत आहे.

हे मत सवयीतून आलेले नाही, चुकीतून आलेले आहे. सुरुवातीची काही वर्षे मी केवळ १९७५ ते १९७७ एवढेच अंक उचलत असे आणि त्याच गठ्ठ्यातले १९७४ चे व १९७८ चे अंक दुकानदाराला परत देत असे. पुढे ते अंक मला कोठेही दिसले नाहीत. आज माझ्याकडे असे काही अंक आहेत की ज्यांच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले हे मी सांगू शकत नाही.

काय शोधावे

सेन्सॉरशिपपुढे प्रत्येक नियतकालिक आपापल्या परीने वागले आणि त्यावरूनच संग्रहाचे कप्पे पडतात. २६ जून १९७५ पासून पूर्वतपासणी, म्हणजे छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडून तपासून घेण्याची सक्ती, लागू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनाविरुद्ध वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. काहींनी तपासून घेण्यापेक्षा प्रकाशन थांबवणे पसंत केले. दिल्लीचे ‘सेमिनार’ १९७६ मध्ये याच कारणाने थांबले. ‘क्वेस्ट’ही त्याच वर्षी बंद पडले, आणि आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये ‘न्यू क्वेस्ट’ या नावाने पुण्यातून निघू लागले. मुंबईच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि सर्व नियतकालिकांना एकाच दिशेने वाहायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचे त्यात म्हटले गेले. ही नियतकालिके इंग्रजी असली तरी पुण्यातल्या वर्गणीदारांच्या घरी ती मराठी अंकांच्या शेजारीच सापडतात. त्यांना वेगळे काढू नये.

पुण्यापुरते बोलायचे तर शनिवार पेठेतून निघणारे ‘साधना’ सर्वांत आधी पाहावे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या या साप्ताहिकाचे संपादक त्या वेळी यदुनाथ थत्ते होते. श्री. ग. माजगावकरांचे ‘माणूस’, ग. वा. बेहेरे यांचे ‘सोबत’, सुधीर बेडेकरांच्या वर्तुळातून निघालेले ‘मागोवा’ आणि नंतरचे ‘तात्पर्य’ ही पुण्याचीच. यांतले कोणतेही काटेकोर अर्थाने ‘लघुअनियतकालिक’ नाही, आणि संग्राहकांमध्ये यावरून वाद होतात. नियमित वर्गणी घेणारे, रजिस्टर नंबर असलेले साप्ताहिक आणि चार मित्रांनी खिशातले पैसे घालून काढलेला सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिल कापून शाईने प्रती काढलेला, अंक एकाच पेटीत ठेवू नयेत असे काही जण म्हणतात. मी ते एकाच पेटीत ठेवतो. चार मित्रांपैकी तिघे त्या साप्ताहिकातही लिहीत असत, आणि एका कवितेचा प्रवास कळायचा असेल तर दोन्ही अंक शेजारी असावे लागतात. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे काढत असलेले ‘अस्मितादर्श’ही या संग्रहात हवेच, दलित साहित्याचा त्या काळाचा आवाज त्याशिवाय ऐकू येत नाही.

सुटे अंक उचलत बसण्यापेक्षा एखाद्या घटनेभोवती अंक जमवणे अधिक फलदायी असते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते आणि त्या वेळी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी त्यांनी त्या व्यासपीठावरून प्रार्थना करायला लावली आणि पुढे त्यांना अटकही झाली. आता जानेवारी व फेब्रुवारी १९७६ चे जितके वाङ्मयीन अंक मिळतील तितके मिळवावेत आणि या संमेलनाची हकिगत कोणी किती ओळींत दिली, कोणी फक्त भोजनव्यवस्थेचे वर्णन केले, कोणी काहीच छापले नाही, हे ओळीने पाहावे. दुसरी अशीच जागा म्हणजे दिवाळी अंक. १९७५ आणि १९७६ या दोन दिवाळ्या पूर्णपणे आणीबाणीत गेल्या. दिवाळी अंक जाड असतात, लोक ते फेकत नाहीत, त्यामुळे ते सहज आणि स्वस्तात मिळतात. त्यांतल्या कथांमधले रूपकांचे वाढलेले प्रमाण मात्र सावकाश वाचल्याशिवाय दिसत नाही. तिसरा महत्त्वाचा काळ म्हणजे १९७७ चे पहिले तीन महिने. १८ जानेवारीला निवडणुका जाहीर झाल्या, बंधने सैल झाली, आणि आठवड्यागणिक अंकांचा सूर बदलत गेला. साप्ताहिकांचे या अकरा-बारा आठवड्यांचे अंक खंड न पडता मिळवता आले, तर मुळीच सोडू नयेत.

कोठे आणि केव्हा शोधावे

पुण्यात जुने कागद बाहेर पडण्याचे हंगाम ठरलेले आहेत. दिवाळीपूर्वीची साफसफाई आणि मे महिन्यातील घरबदल हे दोन नेहमीचे. तिसरा हंगाम ठरलेला नसतो, पण पिकाने भरलेला असतो : सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेतला एखादा वाडा पुनर्विकासाला जातो, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका दोन दिवसांत रिकाम्या केल्या जातात. त्यामुळे पेठांमधल्या रद्दी डेपोवाल्यांशी ओळख ठेवणे हे या छंदातले पहिले काम होय. आपल्याला काय हवे ते त्यांना अंकाच्या नावाने सांगू नये, दिसण्याने सांगावे. ‘काका, पातळ, पिना मारलेली, चित्रं नसलेली जुनी मासिकं आली तर बाजूला ठेवा’ एवढे सांगणे पुरते. ‘दुर्मीळ’ हा शब्द उच्चारला की भाव किलोवरून नगावर जातो.

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या बाजूला भरणारा जुना बाजार सकाळी लवकर पाहावा. तेथे पुस्तके मांडणारे थोडे असतात, पण भांडी आणि लोखंडी सामान विकणाऱ्यांकडे घराच्या आवरासावरीतून आलेली पोती असतात आणि त्यांच्या तळाशी कागद असतात. अप्पा बळवंत चौकाचा परिसर आता मुख्यतः पाठ्यपुस्तकांचा आहे. तरीही पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे नेमाने जाण्याचा लाभ असा, की ते एकमेकांना माल देतात आणि आपली चौकशी एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते.

सर्वांत चांगला संग्रह मात्र दुकानातून येत नाही, वर्गणीदाराच्या घरातून येतो. निवृत्त प्राध्यापक, राष्ट्र सेवा दलातले जुने कार्यकर्ते, छापखान्यात कंपोझिटर (खिळे जुळवणारे) म्हणून काम केलेले गृहस्थ यांच्याकडे अंक वर्षानुवर्षे क्रमाने लावलेले असतात. अशा घरी जाताना घाई करू नये. पहिल्या भेटीत अंक मागू नयेत. ते कसे येत, कोण वाचत असे, कोणाला वाचायला दिले आणि परत आले नाहीत, हे ऐकून घ्यावे आणि परवानगी घेऊन टिपून ठेवावे. पुष्कळदा आजोबा द्यायला तयार असतात आणि घरातल्या पुढच्या पिढीला वाटते की आपण काही मौल्यवान गमावतो आहोत. त्या वेळी योग्य रक्कम स्वतःहून सांगावी, किंवा अंक ग्रंथालयाला द्यावेत असे सुचवावे. एका घरी मला दोन्ही गोष्टी सुचल्या नाहीत आणि तो गठ्ठा पुढच्याच महिन्यात रद्दीत गेल्याचे कळले.

नदीकाठच्या पेठांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि या भागातल्या तळमजल्यांवरचे कागद पाण्यात गेले. त्यामुळे पन्नासच्या दशकातले अंक या पेठांत फार कमी सापडतात. जे सापडतात त्यांच्यावर पाण्याची तपकिरी रेघ असते. अशा अंकाला डाग पडला म्हणून नाकारू नये.

ग्रंथालये ही खरेदीची जागा नव्हे, तुलनेची जागा आहे. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, महाराष्ट्र साहित्य परिषद आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय येथे नियतकालिकांच्या बांधीव फायलींची चौकशी करावी. मात्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकलेली असतात, म्हणून सुटा अंक हाती असलेल्या संग्राहकाजवळ कधी कधी ग्रंथालयाहून अधिक असते. बाजारात एखाद्या अंकावर ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर त्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का आहे का ते पाहावे. नसेल तर तो घेऊ नये, आणि शक्य असल्यास त्या ग्रंथालयाला कळवावे.

अंक हाती आल्यावर

अनियतकालिकांवर तारीख बहुधा नसते. नावातच नियम नाकारलेला असल्यामुळे महिना छापण्याचे बंधन संपादकांनी मानले नाही, आणि काहींनी अंकाचा क्रमांकसुद्धा थट्टेने घातला. अशा वेळी इतर खुणा वाचाव्या लागतात. किंमत ‘आणे’ असेल तर अंक बहुधा १९५७ पूर्वीचा, ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ च्या सुमाराचा. पत्त्यात ‘पुणे ३०’ असा दोन आकडी विभाग आहे की ‘पुणे ४११ ०३०’ असा सहा आकडी पिन कोड आहे ते पाहावे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे सहा आकडे असलेला अंक त्यापूर्वीचा असणे शक्य नाही. उलट दोन आकडे असलेला अंक मात्र नंतरचाही असू शकतो, कारण लोकांनी जुनी सवय कित्येक वर्षे सोडली नाही. कोठे शके दिलेले असेल तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८९७ हे १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाले. पौष ते फाल्गुन या महिन्यांचा अंक असेल तर मात्र इंग्रजी वर्ष बहुधा एकाने पुढे जाते, हे विसरल्यामुळे मी एक अंक बराच काळ चुकीच्या वर्षात ठेवला होता.

मलपृष्ठाच्या तळाशी लहान टाइपात असलेली मुद्रक-प्रकाशकाची ओळ आधी वाचावी, मग कविता. १८६७ च्या कायद्यानुसार छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण देणे आवश्यक होते. ती ओळ सलग अंकांत ताडून पाहिली की छापखाना केव्हा बदलला ते कळते. तो का बदलला हे अंकात सहसा लिहिलेले नसते, पण जून १९७५ नंतर लगेच बदलला असेल तर वहीत त्याची नोंद करावी आणि त्या छापखान्याची विचारपूस करावी. ही ओळ मुळीच नसलेला अंक म्हणजे बहुधा गुप्तपणे काढलेले पत्रक; तेही ठेवावे, पण त्याची वेगळी नोंद करावी.

छपाई कोणत्या पद्धतीची आहे हे बोटांनी कळते. खिळ्यांनी छापलेल्या पानाच्या मागे अक्षरांचा उठाव लागतो; ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या लहान छपाईयंत्रावर, कच्चा दाब पडलेला असेल तर एखादी ओळ फिकी असते आणि काना-मात्रा तुटलेल्या असतात. सायक्लोस्टाइलचा कागद शोषक व खरखरीत असतो, अक्षराभोवती तेलाची फिकट प्रभावळ दिसते आणि मागे उठाव नसतो. स्टेन्सिलवर मजकूर टंकलेखन यंत्राने कापला आहे की लेखणीने हाताने, हेही टिपावे. एका स्टेन्सिलवरून फार प्रती निघत नसत, शेवटच्या प्रतींत रेफ आणि अनुस्वार बुजलेले असतात. तरी अशी फिकी प्रत मिळाली तर घ्यावी. नंतर काढलेल्या झेरॉक्स प्रतीवर काळा रंग कागदाच्या वर चिकटलेला आणि किंचित चमकणारा दिसतो. तीही ठेवायला हरकत नाही, पण मूळ अंकाच्या भावात घेऊ नये.

सेन्सॉरच्या खुणा ओळखताना उतावळेपणा करू नये. २८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली हे प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे कोरी जागा दिसली की संग्राहकाला आनंद होतो. परंतु अशी जागा सोडण्यालाही सेन्सॉरने लवकरच हरकत घेतली. म्हणून खरोखरच्या कोऱ्या जागा बहुधा पहिल्या काही आठवड्यांतल्या असतात. नंतर कापलेल्या मजकुराच्या जागी एखादा अभंग, पाककृती किंवा जाहिरात येते, आणि ती ओळखण्यासाठी अनुक्रमणिका आतल्या पानांशी ताडून पाहावी लागते. अनुक्रमणिका आधी छापली गेली असेल तर तिच्यात नाव असलेला लेख आत नसतो. अर्थात प्रत्येक कोरी जागा राजकीय नसते. लहान मासिकांना जाहिरातीचा ब्लॉक वेळेवर न मिळाल्यामुळे किंवा कवीने कविता न दिल्यामुळेही पाने मोकळी सुटत, आणि अनियतकालिकवाले तर केवळ गंमत म्हणूनही सोडत.

प्रत्येक अंकाची नोंद एका जाड वहीत करावी. नाव, क्रमांक, वर्ष कसे ठरवले त्याचे कारण, पानांची संख्या, मुद्रक, छपाईची पद्धत, कोणाकडून व किती रुपयांना मिळाला, आणि अंकावर हाताने काय लिहिले आहे, हे त्यात असावे. पोस्टाचा रॅपर, त्यावरचा शिक्का, मलपृष्ठावरचा वर्गणीदाराचा पत्ता, समासात पेन्सिलने केलेल्या खुणा यांपैकी काहीही पुसू नये किंवा फेकू नये. अंक छापला गेला हे अंकावरून कळते. तो पोहोचला हे रॅपरवरून कळते. मात्र छायाचित्र काढून कोणाला दाखवताना वर्गणीदाराचे नाव व पत्ता झाकावा. ती माणसे किंवा त्यांची मुले अजून त्याच घरात राहत असतील.

वहीत दुसरा एक रकाना ठेवावा आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : न मिळालेल्या अंकांचा. क्रमांक ११ आणि क्रमांक १४ हाती आहेत आणि मधले दोन नाहीत, तर ते निघालेच नाहीत, निघून जप्त झाले, की आपल्याला मिळाले नाहीत, हे तीन पर्याय पूर्णपणे वेगळे आहेत. पुढच्या अंकातले वर्गणीदारांना केलेले निवेदन, पोच-पत्रे आणि दुसऱ्या नियतकालिकांतली ‘साभार पोच’ (त्यांच्याकडे आलेल्या अंकांची यादी) ही सदरे वाचली की पुष्कळदा उलगडा होतो. पेटीत त्या न मिळालेल्या अंकाच्या जागी जाड कागदाची चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर कारण लिहावे.

जतन

या अंकांचा मुख्य शत्रू त्यांच्या कागदातच बसलेला आहे. न्यूजप्रिंट आणि स्वस्त कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यातले लिग्निन प्रकाश आणि हवा लागून पिवळे पडते, आम्ल वाढते आणि पान घडीवर तुटते. हे थांबवता येत नाही, सावकाश करता येते. अंक उन्हात वाळवायला ठेवण्याची आपल्याकडची सवय कागदाला घातक आहे. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, मध्ये कोरे टीपकागद घालून वाळवावेत.

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, पण जून ते सप्टेंबर हे चार महिने कागदाची परीक्षा पाहतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये, खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच असावा, आणि पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. कसर आणि वाळवी यांसाठी जुन्या लोकांचा वेखंडाचा तुकडा कापडी पुरचुंडीत बांधून ठेवायला चांगला. डांबराच्या गोळ्या मात्र अंकांना थेट लावून ठेवू नयेत. प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांत ओल कोंडते. पॉलिएस्टरची आवरणे महाग पडतात, म्हणून ती मोजक्या अंकांना वापरावीत आणि बाकीच्यांसाठी आम्लविरहित कागदाची घडी करावी. तीही न मिळाल्यास धुऊन खळ काढलेले सुती कापड, म्हणजे पोथ्यांचे बासन, पुरेसे आहे.

गंजलेल्या पिना काढून टाकाव्यात. त्या ओढू नयेत. मागच्या बाजूने त्यांचे पाय पातळ पट्टीने उभे करावेत आणि मग उचलाव्यात. पिनांच्या जागी त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून सैल गाठ मारावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. माझ्याकडच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर मी विद्यार्थिदशेत लावलेली पट्टी आज तपकिरी होऊन सुटली आहे, डिंक मात्र कागदात उतरून बसला आहे आणि त्याखालची दोन अक्षरे पारदर्शक झाली आहेत. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या किंवा तांदळाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ वापरावी, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. सायक्लोस्टाइल पानांवर पाणी लावण्यापूर्वी कोपऱ्यात थेंबभर लावून शाई फुटते का ते पाहावे.

अंक स्कॅन करून ठेवणे आवश्यक आहे, पण ते सर्वांना वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क राहतो, म्हणजे या काळातले जवळजवळ सर्व लेखन अजून हक्कात आहे. कवीच्या वारसांना पत्र लिहून परवानगी मागितली तर बहुतेक जण आनंदाने देतात, आणि क्वचित त्या पत्राच्या उत्तरात माळ्यावरच्या ट्रंकेचे निमंत्रणही येते.

शेवटी एक काम उरते, जे बहुतेक संग्राहक पुढे ढकलतात. आपल्यानंतर हे अंक कोणत्या ग्रंथालयाला किंवा व्यक्तीला जावेत हे आधी विचारून, त्यांचा होकार लेखी घेऊन, तो कागद वहीच्या पहिल्या पानाला लावावा आणि घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवावा. रद्दीवाला तेराव्याच्या आत दारात आलेला मी पाहिला आहे. म्हणून माझ्या प्रत्येक पेटीवर, संग्रहाच्या नावाच्याही वर, जाड लाल अक्षरांत मी लिहिले आहे : ‘ही रद्दी नाही’.